धागा: शहरातले बेघर, निवारा केंद्र आणि त्यापुढची खोली. पालिकेकडे नेमकं काय मागायचं?

रातदिवा (धागाकर्ता)

पालिकांचे अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जातात. बऱ्याच ठिकाणी त्याआधी नागरिकांच्या सूचना मागवतात. रस्ते, पाणी, उद्यानं यांवर अर्जांचा ढीग पडतो. पदपथावर झोपणाऱ्या माणसासाठी क्वचितच कुणी लिहितं. अशी मागणी कशी लिहायची ते इथे ठरवू या. कृपया नियम, आकडे आणि कामाची पद्धत यांवरच लिहा.

पाया मी घालतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले. महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार, म्हणजे उत्तर प्रदेशानंतर आपलाच क्रमांक. पुढची जनगणना लांबल्यामुळे शासनाचे आराखडे अजून याच आकड्यावर बेतलेले असतात.

डिसेंबर २००९ मध्ये, भर थंडीत, दिल्लीत पुसा रोडवरचा रात्रनिवारा पाडला गेला. अन्नाच्या हक्काचा खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात सुरूच होता. त्याच खटल्यात २०१० मध्ये आदेश झाले की मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही चोवीस तास आणि बारा महिने. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच मापदंड आले: लाखामागे किमान १०० माणसांची सोय, एका केंद्रात ५० ते १०० जण, माणशी ५० चौरस फूट. आठ लाखांच्या शहराला याप्रमाणे ८०० जागा आणि ४०,००० चौरस फूट लागतात. आपल्या शहराचा हिशेब याच रीतीने मांडा आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

आता गाडी कुठे अडते ते. अभियानात ५० जणांच्या केंद्राला चालवण्याचा खर्च वर्षाला ६ लाख धरला होता, म्हणजे महिन्याला ५०,००० रुपये. त्यात एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीचे तीन काळजीवाहक. चार पगार भागवले की वीजबिल, चादरींची धुलाई, ढेकूण-डासांची फवारणी, संडासाची सफाई यांना काहीच उरत नाही. मग संस्था एकेक माणूस कमी करते, उरलेला एकटा कुलूप-किल्ली सांभाळतो आणि केंद्राचं गोदाम होतं. शिवाय अभियानाची मुदत २०२४ मध्ये संपली. त्यामुळे पहिली मागणी हीच: बेघर निवाऱ्यासाठी पालिकेच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचं वेगळं खातं), आणि त्यात बांधकाम व चालवण्याचा खर्च वेगवेगळा दाखवलेला.

नकाशा

लेखाशीर्षाआधी मोजणी. प्रशासनाचं ठरलेलं उत्तर असतं, "आमच्याकडे बेघर फारसे नाहीत." कारण मोजणी दिवसा होते, किंवा रात्री नऊला.

लोक झोपतात ते दुकानांची शटर पडल्यावर. म्हणून वेळ रात्री ११ ते पहाटे ४. आधी दिवसा फिरून प्रभागाच्या नकाशावर जागा टिपायच्या: रेल्वे स्थानकाबाहेरचा भाग, एसटी स्टँड, उड्डाणपुलाखाली, बाजार समिती, सरकारी रुग्णालयाचं आवार, मंदिर-दर्ग्यांच्या पायऱ्या, नदीघाट, बंद गाळ्यांचे ओटे. एका गटात तीन-चार जण, त्यात एक तरी बाई आणि एक तरी त्या भागातला माहीतगार. झोपलेल्याला उठवायचं नाही. एकटा पुरुष, एकटी बाई, कुटुंब, मूल, म्हातारं माणूस एवढंच नोंदवायचं. नावं, गाव, काम विचारायला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, चहाच्या वेळी जायचं.

एका रात्रीत दोन गट निसटतात. एक, रात्री काम करणारे: मार्केट यार्डातले हमाल, लग्नसराईतले केटरिंगचे वाढपी. हे दिवसा झोपतात. दोन, शहराच्या कडेला पाल ठोकून राहणारी भटक्या-विमुक्तांची कुटुंबं. जनगणनेच्या व्याख्येनुसार इमारतीत न राहता उघड्यावर, पुलाखाली, सिमेंटच्या पाइपात, फलाटावर राहणारं कुटुंब बेघरच. पण पालवाले 'तात्पुरते आलेत' म्हणून सोडून दिले जातात. मोजणी दोनदा करा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा जूनच्या पावसानंतर. जागा बदलतात, आकडाही बदलतो.

मुकादम

मोजणी ठीक आहे, पण असलेली केंद्रं भरत नाहीत त्याचं काय? अधिकारी खुशाल रजिस्टर दाखवतात: क्षमता ५०, हजेरी १५. "लोकांनाच यायचं नाही, त्यांना रस्ताच आवडतो." या युक्तिवादापुढे मागणी टिकेल असं उत्तर हवं.

अक्षता

मुकादम, उत्तर जागेत आहे. हमाल, नाका कामगार, कचरावेचक सगळे कामाच्या अंतरावर झोपतात. पहाटे चारला यार्डात गाडी लागते तेव्हा जो हजर असतो त्याला काम मिळतं. पाच किलोमीटरवर गादी दिली तर रिक्षाभाड्यात मजुरीचा तुकडा जातो आणि काम हातचं जातं. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतसुद्धा स्टेशन, बस आगार, घाऊक बाजार यांच्याजवळच केंद्र असावं असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पालिका स्वतःची पडून असलेली जागा शोधते, आणि तशी जागा गावाबाहेरच सापडते.

दुसरं, कुटुंब. नवरा पुरुषांच्या केंद्रात, बायको महिलांच्या, आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा दोन्हीकडे अडचणीचा. असं बिऱ्हाड तुटणार असेल तर कुणीही फूटपाथच पत्करेल. कुटुंबांसाठी वेगळं केंद्र मागा, ज्यात सहा फूट उंचीची का होईना, पण आडोशाची विभागणी आणि आतून लागणारी कडी असेल.

तिसरं, सामान. हातगाडी, भंगाराचं पोतं, वजनकाटा हे त्या माणसाचं भांडवल. बाहेर ठेवलं की रात्रीत चोरीला जातं किंवा अतिक्रमणवाले उचलतात. कुलपाची कपाटं मार्गदर्शक सूचनांत आहेतच; हातगाडीसाठी साखळी लावायचे कडे असलेलं आवार वेगळं मागावं लागतं. खर्च नगण्य, पण फरक मोठा.

चौथं, वेळ. रात्री आठला आत, सकाळी सातला बाहेर अशी शिस्त लावली की रातपाळीचा माणूस आपोआप बाद. आदेश चोवीस तासांचा आहे, हे रजिस्टर दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला तिथेच सांगा. हजेरीच्या आकड्याशेजारी केंद्राचा पत्ता, वेळ आणि प्रवेशाच्या अटी लिहायला लावा. पंधरा का, ते कागदावरच दिसेल.

दाखला

निवाऱ्याइतकाच महत्त्वाचा कागद. घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून रेशन-बँक नाही. ही साखळी तोडायचे रस्ते नियमांतच आहेत, फक्त खालपर्यंत पोचलेले नाहीत.

आधार: मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने आधार प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र चालतं. त्यावर फोटो, फोटोवर येईल असा सही-शिक्का, आणि तारीख तीन महिन्यांच्या आतली हवी. साध्या लेटरहेडवर लिहून दिलं की आधार केंद्रावरून परत पाठवतात. नवी नोंदणी मोफत असते.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: त्या माणसाचं आधार आधीच कधीतरी काढलेलं असतं, कार्ड हरवलेलं असतं, नंबर पाठ नसतो. उत्साहाने पुन्हा नोंदणी केली जाते आणि काही आठवड्यांनी 'दुबार' म्हणून अर्ज फेटाळला जातो. म्हणून आधी विचारा, "कधी बोटं आणि डोळे दिले होते का?" हो म्हटलं तर नव्या नोंदणीच्या वाटेला न जाता आधार सेवा केंद्रावर बायोमेट्रिकने जुना नंबर शोधा. नंबर आठवत नसेल तर जिल्हा किंवा पिनकोड लागतो, तेव्हा तो कुठे राहत असताना आधार काढलं ते नीट विचारून ठेवा. भंगार आणि सिमेंटच्या कामात बोटांचे ठसे झिजतात. डोळ्याच्या स्कॅनचा आग्रह धरा.

रेशन: आधी गावच्या कार्डात नाव आहे का ते पाहा. असेल तर 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे धान्य शहरातल्या दुकानातही उचलता येतं. नसेल तर नवं कार्ड. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. पण चूलच नसलेल्या माणसाला तांदूळ देऊन काय होणार? केंद्रात सामायिक स्वयंपाकघर, गॅस आणि भांडी असतील तरच त्या धान्याचा उपयोग. ते नसेल तिथे धान्य दुकानदारालाच परत विकलं जातं, आणि मग त्या माणसाकडेच बोट दाखवलं जातं.

करारनामा

आत्तापर्यंतची चर्चा रस्त्यावर आलेल्या माणसाची झाली. रस्त्यावर येऊ न देणं जास्त स्वस्त आणि जास्त माणुसकीचं. शहरात माणूस बेघर होतो तो बहुतेकदा भाड्याच्या खोलीतून: दोन महिने आजारपण, काम बंद, भाडं थकलं, मालकाने सामान बाहेर काढलं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ यात कामाला येतो. कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम २९ नुसार भाडं थकलं म्हणून पाणी-वीज तोडता येत नाही. भाडेकरू असेल तर कलम १५ प्रमाणे थकबाकीची नोटीस दिल्यावर ९० दिवस जाईपर्यंत दावाच लावता येत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकारी जागा खाली करून घेऊ शकतो, आणि दुप्पट शुल्क भरावं लागतं. ९० दिवसांचं संरक्षण तिथे नाही. भाडेकरू आणि लायसेन्सी (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी मिळालेला) यांतला हा फरक वस्तीतल्या माणसाला कुणी सांगत नाही.

झोपडपट्टीतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांचे करार तोंडीच असतात. नोंदणी शुल्क शहरात १,००० रुपये, मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आणि वर एजंट. तीन हजार भाड्याच्या खोलीला हे जड जातं. म्हणून पालिकेकडे मागणी: प्रभाग कार्यालयात आठवड्यातून एक दिवस भाडे-सल्ला खिडकी, एक वकील आणि एक समाजविकास कर्मचारी. थकबाकीत सापडलेल्या कुटुंबाला परतफेडीच्या बोलीवर एक-दोन महिन्यांचं भाडं देणारा छोटा निधी. एक बिऱ्हाड खोलीत टिकवण्याचा खर्च त्याला रस्त्यावरून परत आणण्याच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

ओपीडी

करारनामा यांच्याशी सहमत, पण खोलीखेरीज आणखी दोन दारांतून माणूस रस्त्यावर येतो: रुग्णालय आणि संस्था.

परळला टाटा स्मारक रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर परगावचे रुग्ण आणि नातेवाईक राहतात, हे मुंबईत सर्वांना माहीत आहे. किमोच्या दोन फेऱ्यांमध्ये गावी जाऊन येणं परवडत नाही. मार्गदर्शक सूचनांत बरे होत असलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी विशेष निवारा हा प्रकार वेगळा दिलेला आहे. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयाजवळ तो नाव घेऊन मागा. तिथे साध्या केंद्रापेक्षा जास्त लागतं: उकळलेलं पाणी, ड्रेसिंगची सोय, खालच्याच मजल्यावर संडास, संसर्ग टाळण्यापुरतं खाटांमधलं अंतर. डिस्चार्जच्या वेळी 'कुठे जाणार' हा रकाना कागदावर असावा आणि 'कुठेच नाही' असेल तर समाजसेवा अधीक्षकाने केंद्राला फोन करूनच डिस्चार्ज द्यावा.

मानसिक आजार असलेल्यांबाबत मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ स्पष्ट आहे. कलम १८ नुसार बेघर, निराधार व्यक्तीला उपचार मोफत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. कलम १०० नुसार भटकणाऱ्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कोठडीत ठेवता येत नाही. आणि बरं झाल्यावर घर नाही म्हणून रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही (कलम १९). अडचण अशी की ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या प्रादेशिक मनोरुग्णालयांतून बाहेर पडल्यावर लागणारी मध्यस्थ घरं (रुग्णालय आणि स्वतःचं घर यांच्या मधल्या काळात राहायची) हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. साध्या निवाऱ्यात अशा व्यक्तीला नुसतं पाठवलं की गोळ्या थांबतात आणि दोन-तीन महिन्यांत माणूस पुन्हा रस्त्यावर. पालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या केंद्रात पोचवणारी नर्स, आठवड्यातून एकदा, एवढी तरी मागणी घाला.

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचंही तसंच. बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने सहा महिने आधी यादी दिली तर खोलीची सोय आधी होऊ शकते.

उत्तरवारा

फिनलंडचा दाखला हमखास दिला जातो, तो नीट मांडतो. तिथे १९८७ मध्ये आकडेवारी सुरू झाली तेव्हा बेघर १८,००० च्या वर होते. २०२३ मध्ये ३,४२९. २००८ पासून धोरण असं की आधी घर, मग उपचार, व्यसनमुक्ती, काम. घर मिळवण्यासाठी दारू सोडायची अट नाही. माणसाच्या स्वतःच्या नावावर भाडेकरार होतो; मदतनीस वेगळे, त्यांची मदत नाकारली तरी घर जात नाही.

मूळ काम विटा-सिमेंटचं होतं. सामायिक खोल्यांची वसतिगृहं बंद करून त्यांची छोटी घरं केली. हेलसिंकीत हिएतानिएमेनकातू रस्त्यावरचं साल्व्हेशन आर्मीचं २५० खाटांचं केंद्र २०१२ मध्ये ८१ स्वतंत्र घरांत बदललं, कर्मचारी चोवीस तास तिथेच. वाय-साएतिओ हा १९८५ चा प्रतिष्ठान साध्या इमारतींमध्ये सुटे फ्लॅट विकत घेऊन भाड्याने देतो, त्यामुळे 'बेघरांची इमारत' असा शिक्का बसत नाही.

पण या सगळ्याखाली सरकारी गृहभत्ता आहे. तो कमी केला गेला आणि २०२४ च्या मोजणीत आकडा ३,८०६ वर गेला, दहाहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच वाढ. आपल्याकडे गृहभत्ता नाही, तेव्हा नुसतं नाव उचलून उपयोग नाही. उचलण्यासारखं हे: सभागृहाऐवजी खोल्या, आणि राहण्याचा हक्क सुधारणेच्या अटीला न बांधणं.

(अवांतर: त्यांच्या मोजणीत मित्र-नातेवाइकांकडे नाइलाजाने राहणारेही बेघर धरतात. आपल्या व्याख्येने मोजलं तर त्यांचा आकडा खूपच लहान दिसेल.)

मुकादम

पटलं. पण खोल्या आणायच्या कुठून? आणि तोवर पोलीस 'भिकारी' म्हणून उचलतात त्याचं काय?

विटावाळू

खोल्यांबद्दल. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडी मोजतात, माणूस मोजत नाहीत. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर घर मोफत, १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर अडीच लाख भरून. पदपथावर ताडपत्रीही नसलेला माणूस चाळीस वर्षं तिथे झोपला तरी पात्र नाही. म्हणून या योजनेकडून आशा ठेवू नका. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण पदपथावरून हटवायला मनाईही केली नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबा एवढंच म्हटलं. हक्क मान्य, जागा नाही, ही गाठ तेव्हापासूनची.

मिळण्यासारख्या तीन जागा: रिकामी पडलेली सरकारी घरं, जी २०२० च्या परवडणाऱ्या भाडे संकुलांच्या योजनेत २५ वर्षांच्या करारावर भाड्याने देता येतात, विद्यार्थी कमी झाल्याने बंद पडलेल्या पालिका शाळा, आणि बाजार समितीच्या आवारातले वरचे मजले. शाळेचा २० बाय २५ चा वर्ग म्हणजे ५०० चौरस फूट, मापदंडाने दहा जण. त्याऐवजी पाच खोल्या पाडा, प्रत्येकी दोघे, नावावर अकरा महिन्यांचा करार. पाणी आणि सांडपाण्याची वाहिनी आधी पाहा. शाळांचे संडास एका टोकाला असतात आणि दुरुस्तीतला सगळ्यात मोठा खर्च तिथे येतो. जिना एकच असेल तर अग्निशमनचा ना-हरकत दाखला अडतो, म्हणून दुसरा लोखंडी जिना पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

भाडं: मार्गदर्शक सूचनांनुसार शुल्क उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावं. महिना १०,००० कमावणाऱ्या हमालाला ५०० ते १,०००. फुकटपेक्षा हे बरं, कारण पावती ही राहण्याचा पुरावा होते.

करारनामा

पोलिसांबद्दल. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ ची व्याख्या इतकी सैल आहे की उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, एवढ्यावरही माणूस सापडतो. पहिल्या वेळेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये यातल्या भीक हा गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. महाराष्ट्रात कायदा उभाच आहे. तोवर केंद्राने दिलेलं फोटोचं ओळखपत्र आणि कामाच्या ठिकाणाची नोंद यांचा बचावाला उपयोग होतो. पालिकेने पोलीस ठाण्यांना केंद्रांची यादी आणि रात्रीचा फोन नंबर लेखी द्यावा, म्हणजे उचलण्याऐवजी पोचवणं शक्य होईल.

रातदिवा

सगळ्यांचं एकत्र करून अर्जाचा मसुदा असा: स्वतंत्र लेखाशीर्ष, वर्षातून दोनदा रात्रीची मोजणी, कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर केंद्र, कुटुंबांचं वेगळं केंद्र आणि हातगाडीसाठी आवार, मोठ्या सरकारी रुग्णालयाजवळ रुग्णनिवारा, प्रभागात भाडे-सल्ला खिडकी आणि थकबाकी निधी, एका बंद शाळेत करारावरच्या खोल्या, पहिल्या वर्षी निदान चाळीस जणांसाठी. राज्य पातळीवर निवारा संनियंत्रण समिती आहे, अर्जाची प्रत तिलाही द्या.

एक प्रश्न राहिला. दाखला, मतदार यादीचं तुम्ही लिहिलं नाहीत. नगरसेवक याद्या पाहून कामं करतात, म्हणून विचारतोय.

दाखला

लिहायचं राहिलं खरं. नमुना ६ भरायचा, पत्त्याच्या जागी जिथे झोपतो ती जागा: 'अमुक उड्डाणपूल, खांब क्रमांक अमुक, पूर्व बाजू' इतकी नेमकी. पत्त्याचा पुरावा लागत नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री तिथे जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं असतं, तेही एकाहून अधिक रात्री. अर्ज बहुतेकदा फेटाळला जातो तो अधिकारी दिवसा जाऊन 'आढळून आले नाहीत' असं लिहितो म्हणून. त्यामुळे अर्जावरच झोपण्याची वेळ लिहा आणि पोच घ्या. नाव नाकारलं तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. अपिलात अधिकारी किती वाजता गेले होते, याचा पंचनामा मागा.